म्हशीने कर तोडली त्या वर्षी

माझ्या वडिलांनी मला आंदण म्हणून म्हैस दिली आणि सासरी गेल्यावर माझ्याआधी तीच बोलली. लग्नानंतर दोन-चार दिवसांनी टेंभुर्णीहून एका ओळखीच्या ट्रकातून ती आली. फळी लावून खाली उतरवल्यावर तिने मान वर करून असा आवाज काढला की अख्खी गल्ली दारात आली. मी पदर डोक्यावर ओढून, मूग गिळून चुलीपाशी बसले होते. नव्या सुनेने बोलायचे नसते. म्हशीला हे कुणी सांगितले नव्हते.

पंढरपुरी म्हैस होती, गाभण. ज्यांनी ही जात पाहिली नाही त्यांना तिची शिंगे सांगून पटत नाहीत. मागे वळून पार खांद्याच्याही पलीकडे जातात. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ती पाहिली आणि म्हणाल्या, "गोठ्याचं दार मोटं करावं लागतंय की." मग माझ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "म्हशीची शिंगं म्हशीला जड नसतात म्हणा, पण दाराला असतात." त्या क्षणापासून मला त्या आवडल्या.

सासर अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात आपसात कानडी, बाजारात आणि माझ्यासमोर मराठी, आणि बैलांशी फक्त कानडी. मला कानडीचे ओ की ठो कळत नव्हते. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूबाईंना अत्ती. मामा माझ्याशी थेट बोलत नसत. तशी रीतच होती. मी समोर उभी असले तरी ते अत्तींना सांगायचे, "सुनंला सांग, पानी दे म्हनावं." मग अत्ती मला तेच सांगायच्या आणि मी तेच पाणी द्यायचे. आमच्या यांचे काय, तर ज्याच्या हातची भाकरी समोर असेल त्याची बाजू. आईच्या हातची असेल तर आईची, माझ्या हातची असेल तर माझी.

मामांचा जीव बैलांत. पांढरीशुभ्र जोडी होती आणि तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. मोठ्या दुष्काळात त्यांनी बैल विकले नव्हते. स्वतः खडी फोडायला गेले, पण बैल राखले. दुष्काळ सरून काही वर्षे झाली होती, तरी परड्यातली कडब्याची गंजी ते रोज एकदा नजरेने मोजायचे. ज्वारीचा तो वाळलेला कडबा पुढच्या सुगीपर्यंत जोडीला जेमतेम पुरणार होता. त्यात ही दोन बैलांचे खाणारी म्हैस आली. शिवाय घरात दूध विकायचे नाही असा नेम होता. दूध विकणे म्हणजे पूत विकणे, असे मामांच्या आईने सांगून ठेवलेले. मग खाणार किती, देणार किती आणि प्यायला माणसे चार. मामांनी हिशेब केला आणि जेवताना अत्तींना सांगितले, "कारहुणवी झाली की म्हस बाजारात न्यायची." मामांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी भाकरी थापत होते, ती तव्यात टाकायची विसरले.

ती म्हैस वडिलांनी रेडकू असल्यापासून वाढवलेली होती. तिच्या शेपटीला धरून मी ओढ्यात पोहायला शिकले. आणि खरे सांगते, त्या घरात माझी भाषा समजणारे तेवढे एकच जनावर होते. कुणी तिला कानडीत "बा" म्हटले तर ती ढिम्म हलायची नाही. मी "ये गं" म्हटले की यायची. ती गेली असती तर मी एकटी पडले असते. आणि आंदणाची म्हैस दोन महिन्यांत बाजारात गेली हे टेंभुर्णीत कळले असते, तर वडील काही बोलले नसते, नुसते गप्प झाले असते. ते मला सहन झाले नसते. पण सुनेने सासऱ्याला काय सांगायचे आणि कुठल्या तोंडाने?

कारहुणवी म्हणजे ज्येष्ठाची पौर्णिमा. आमच्या माहेरी बैलांचा सण पुढे, श्रावण सरताना. त्यामुळे हा सण मला नवा होता. पेरणीच्या तोंडावर बैलांना धुऊन, शिंगे रंगवून, शिंगांत कडबोळी अडकवून गावाबाहेर नेतात. वेशीत एक दोर आडवा बांधतात, त्याला कडुनिंबाचे डहाळे लावतात. तीच कर. दिवस कलला की हलगी वाजते, बैल पळत येतात आणि जो बैल पहिल्यांदा कर तोडतो त्याच्या रंगावरून वर्षाचे पीक ठरते. पांढऱ्याने तोडली तर ज्वारी. तांबड्याने तोडली तर तूर, गहू, करडई. त्या वर्षी सगळे गाव धरून होते की आमचाच पांढरा तोडणार. मामांनी त्याच्या शिंगांना आदल्या दिवशी रंग दिला होता आणि तो वाळेपर्यंत कुणाला गोठ्यात जाऊ दिले नव्हते.

आता माझे डोके बघा. माहेरी सणाला गोठ्यातली सगळी जनावरे नटायची, शेळीसुद्धा. मला वाटले, इथेही तसेच. शिवाय मनात होते की ही आता जाणारच, तर जाण्याआधी एक सण साजरा होऊ दे तिचा. दुपारी बैल गावाबाहेर गेल्यावर मी तिला मागच्या वाटेने ओढ्यावर नेले, घासून घासून आंघोळ घातली, शिंगांना तेल लावले आणि त्या लांबलचक शिंगांत कडबोळ्यांची माळच्या माळ ओवली. इतकी शिंगे, कडबोळी पुरेनात. हे सगळे होईपर्यंत ऊन उतरले. म्हैस पाण्यातून निघायला तयार नव्हती. म्हशीला पाण्यातून काढणे हे काम ज्याने केले आहे तोच जाणे.

शेवटी निघालो. मागची वाट लांबची, म्हणून मी जवळची धरली. जवळची वाट वेशीतून जाते हे मला माहीत होते. तिथे त्या घडीला काय चालले असेल हे मात्र माझ्या डोक्यात आले नाही.

वळणावर आलो तर समोर सगळा गाव. वेशीबाहेर बैल रांगेने उभे, पुढे आमचा पांढरा, त्याची वेसण मामांच्या हातात. अंगावर धुतलेले धोतर, डोक्याला नवा पटका. आणि त्याच क्षणी हलगी कडाडली. आमच्या म्हशीने असला आवाज जन्मात ऐकला नव्हता. तिने माझ्या हातातले दावे हिसडले आणि सुटली. बैलांच्या बाजूने, माणसांतून, कडबोळी उधळत सरळ वेशीकडे. म्हैस पळत नाही असे म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे असायला हवे होते. कर तिच्या शिंगांत अडकली, ताणली आणि तटकन तुटली. कडुनिंबाचे डहाळे मिरवत ती गावात शिरली. मागे मी, पदर खांद्यावर, "थांब गं, थांब गं" असे माझ्या टेंभुर्णीच्या मराठीत ओरडत. सासरच्या गावाने माझा आवाज पहिल्यांदा ऐकला तो असा.

घरी पोचले तेव्हा ती आपल्या दावणीला उभी राहून शिंगातला पाला खाली पाडत होती, आणि खाली पडलेली कडबोळी खात होती.

इकडे वेशीत मोठा पेच पडला. कर एकदा तुटली की पुन्हा बांधत नाहीत. पांढरा रंग ठाऊक, तांबडा ठाऊक, काळ्याचे काय? हे नंतर यांनीच मला हसत हसत सांगितले. एकजण म्हणाला, काळे म्हणजे दुष्काळ. दुसरा म्हणाला, दुष्काळ कसला, काळे म्हणजे ढग, पाऊस लई होणार. तिसऱ्याने उडीद म्हटले, चौथ्याने कारळे. कारळे कोण पेरतो आता, यावर थोडे भांडणही झाले. शेवटी गावातल्या सर्वांत जाणत्या म्हाताऱ्यांना विचारले. त्यांनी तंबाखू थुंकून सांगितले, "म्हशीनं तोडली व्हय? मग दुधाचं पीक." सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते पांढऱ्याला घेऊन घरी आले, त्याच्या गळ्यातली माळ काढली आणि त्याच्या पाठीवर बराच वेळ हात फिरवत बसले. पांढऱ्याला काही वाटलेले दिसत नव्हते. वाईट मामांना वाटत होते आणि ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुरुषांची जेवणे झाली. मग मामा अत्तींना म्हणाले, "ह्या बाजाराला म्हस न्यायची."

अत्ती भांडी आवरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "न्या की. पन कर तोडल्यालं जनावर सुगीआदी दावनीवरनं सोडत न्हाईत म्हनं. वरसाची बरकत जाती. तुमच्या आईच म्हनायच्या."

ही रीत खरी होती. बैलांसाठी होती, म्हशीसाठी कुणी केली नव्हती, पण कर तिनेच तोडली हे तर सगळ्या गावाने पाहिले होते. मामांनी गोठ्याकडे नजर टाकली. मग म्हणाले, "सुगीपतूर." आणि उठून गेले. अत्तींनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. फक्त नंतर आम्ही दोघी जेवायला बसल्यावर माझ्या ताटात एक जास्तीची पोळी वाढली.

म्हणजे मला सुगीपर्यंतचा वेळ मिळाला होता. तेवढ्यात दाखवायचे होते की ही म्हैस घरावर भार नाही. आणि त्यासाठी पहिली अट अशी की गंजीतल्या कडब्याला तिचे तोंड लागता कामा नये.

त्या पावसाळ्यात मी जेवढे गवत कापले तेवढे पुढे आयुष्यात कापले नाही. खुरपायला गेले की तण बांधावर टाकायचे नाही, भारा बांधून घरी. विहिरीच्या पाटाला एक ओली चिंचोळी पट्टी होती, तिथे काहीच पेरत नसत. यांच्या मागे लागून तिथे कडवळ फेकून घेतले. म्हणजे ज्वारीच, पण दाट पेरायची आणि हिरवीच कापायची. बांधाला तूर लावली. मामा बघत होते. एक दिवस पट्टीचे पाणी दुसरीकडे फुटले होते ते त्यांनी येता येता पायाने माती सारून बुजवले. मी ते पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले.

शेणावरून मात्र अत्तींचे आणि माझे वाजले. घरातले सगळे शेण शेण्या थापण्यात जायचे, कारण चुलीला दुसरे काय घालणार? मला म्हशीचे शेण उकिरड्यात हवे होते, रानासाठी. माझे वडील म्हणायचे, शेण जाळणे म्हणजे पुढच्या वर्षीची भाकरी आत्ताच जाळणे. हे मी अत्तींना ऐकवले. त्या म्हणाल्या, "आनि ह्या वरसाची भाकरी कशावर भाजू? तुज्या बापाच्या नावावर?" दोन दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही. मग तोड निघाली. बैलांचे शेण चुलीला, म्हशीचे रानाला. तूर निघाली की तिच्या काड्या जळणाला, मग बैलांचेही थोडे सुटेल. ठरल्यावर अत्तींनी उकिरड्याची जागा स्वतः दाखवली आणि मी चुकीच्या ठिकाणी पाटी ओतली म्हणून पुन्हा ओरडल्या.

भाद्रपदात म्हैस व्याली. वगार झाली, आईसारखी काळीभोर. पहिल्या चिकाचा खरवस केला. कितीतरी वर्षांनी त्या घरात खरवस झाला होता, त्यामुळे गल्लीत घरोघर वाटी गेली. जाणत्या म्हाताऱ्यांकडे मोठी वाटी गेली. मामांनी खाल्ला. दुसऱ्यांदा मागितला नाही, पण ताटली रिकामी झाल्यावर ती हातातच धरून बसले. अत्तींनी न विचारता वाढला.

आता दुधाचे काय करायचे? चहात किती ओतणार? दही, ताक, लोणी झाले. बोटाला तूप लागायचे, यांचे गाल वर आले. तरी उरायचेच. डांबरी सडकेवर सकाळी डेअरीची गाडी थांबायची, गावातल्या दोन घरांचे दूध जायचे. मी अत्तींना हळूच सुचवले. त्या देवघरात गेल्या, बाहेर आल्या आणि मामांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "इकायचं न्हाई. डेरीला घालायचं. घालन्यात काय पाप हाय? आपन लिंगाला घालतोच की." मामा दाढी करत होते. वस्तरा थांबला. मग पुन्हा चालू झाला. दुसऱ्या दिवसापासून यांच्या सायकलला किटली लागली.

दिवाळीच्या आधीचा काळ आमच्याकडे ओढीचा. जुनी ज्वारी पेवाच्या तळाशी गेलेली, नवी अजून रानात हिरवी. दर वर्षी त्या दिवसांत अत्ती भाकऱ्या पातळ करायच्या आणि स्वतः शेवटी जेवायच्या. त्या वर्षी डेअरीचे पैसे आले की यांनी बाजारातून ज्वारी आणायची, पेंड आणायची, कधी गूळ. भाकऱ्या पातळ झाल्या नाहीत. अत्ती आमच्याबरोबर जेवायला बसू लागल्या. एवढी साधी गोष्ट, पण ती पाहताना मला फार बरे वाटायचे. मामाही ते पाहत असणार. ते बोलत नव्हते इतकेच.

बोलले ते म्हशीशी. एका सकाळी मी धार काढायला गोठ्यात गेले तर आतून मामांचा आवाज. "ए, सरक की जरा. सरक म्हनतो न्हवं? तुज्या पोरीला बी जागा लागती." मराठीत. हिला कानडी कळत नाही हे त्यांनी कधी हेरले होते कुणास ठाऊक. मी दाराआडच थांबले. हसू आवरेना आणि थोडा रागही आला. घरात येऊन सहा-सात महिने झाले, माझ्याशी एक शब्द नाही, आणि म्हशीची मात्र चौकशी.

म्हशीचे शेण दसऱ्याच्या आधीच माळाकडच्या तुकड्यावर पसरले होते. मुरमाड रान, तिथे ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबायची. सगळ्या तुकड्याला शेण पुरले नाही, अर्ध्यालाच झाले. माघात ज्वारी उभी राहिली तेव्हा कुठपर्यंत शेण पोचले होते ते लांबून दिसत होते. अलीकडची ताटे माणूस बुडेल एवढी, कणसे मुठीत न मावणारी, पलीकडची नेहमीसारखी. मामा त्या मधल्या हद्दीवर उभे राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायचे. रानात येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र सांगायचे, यंदा हत्तीचा, हस्त नक्षत्रातला पाऊस चांगला झाला.

सुगी झाली. खळे सारवले, बैलांनी कणसे तुडवली, वाऱ्यावर ज्वारी उपणली. ज्वारीची पांढरी रास पडली तशी माझी झोप उडाली. मुदत संपली होती. मामांनी शेजाऱ्याला बाजाराला गाडी कधी जाणार असे विचारलेले मी ऐकले होते. वगार सहा महिन्यांची, म्हैस दुधात. म्हणजे बाजारात मागणी जोरात. अत्तींना विचारले तर त्या म्हणाल्या, "त्येंच्या मनातलं मला बी कळत न्हाई बाई, इतकी वरसं झाली." यांना विचारले तर यांनी भाकरी मागितली.

राशीच्या दिवशी सगळे खळ्यावर जमले. रीत अशी की रास घरी न्यायच्या आधी बलुतेदारांचे वाटे द्यायचे. सुतार आला, लोहार आला, चांभार, न्हावी, परीट आले. ज्यांनी वर्षभर या रानाचे, या घराचे काम केले आणि पुढच्या वर्षीही करणार, त्यांचा वाटा धान्यात. मामा पायलीने माप घालत होते आणि प्रत्येकाशी दोन शब्द बोलत होते. मी लांब, कडब्याच्या पेंढ्यांपाशी उभी होते. सगळे वाटे झाले. परीट गाठोडे बांधून निघाला. मामांनी पुन्हा पायली उचलली, राशीत खुपसली, शिगेला भरली. सगळ्यांना वाटले, कुणी राहिले का?

मामा माझ्याकडे बघत होते. अत्तींकडे नाही, माझ्याकडे. "पोरी," ते म्हणाले, "हिकडं ये. पदर धर."

मी गेले. पदर धरला. त्यांनी पायली त्यात ओतली आणि बलुतेदारांना सांगावे त्याच आवाजात म्हणाले, "ह्यो म्हशीचा वाटा."

सुतार हसला, लोहार हसला, अत्तींनी तोंडाला पदर लावला. मी मात्र तिथेच, सगळ्यांच्या देखत, ज्वारीने भरलेला पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून रडले. माणसे हसत होती, मामा गोंधळून पायली झटकत होते, आणि मला एवढेच कळत होते की बलुते एकदा देऊन संपत नाही. ते दर सुगीला द्यावे लागते.